बिनखिळ्यांचं घर

घरमालकाने दारावर टकटक केली ती नावापुरती. आतून "कोण?" विचारेपर्यंत तो घरात आलासुद्धा होता. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे लग्न ठरलेली मुलगी, तिच्यामागे होणारा जावई आणि शेवटी जावयाची आई, अशी अख्खी पलटण. बाहेर चिखल होता. दारात चांगलं जाडजूड पायपुसणं होतं, पण ते कुणाच्या नजरेला पडलं नाही. सगळे बूट-चपला तशाच घेऊन फरशीवरून चालत स्वयंपाकघरापर्यंत आले.

"बघा, अगदी मोकळेपणाने बघा," मालक म्हणाला. "हे स्वयंपाकघर. कपाटं सगळी नवी. भिंतींना लाकडी तक्ते, त्यामुळे ओल म्हणून औषधाला नाही. आणि फरशी! एका टोकाला गोटी ठेवा, जागची हलणार नाही. सगळं आपण करून घेतलंय."

आपण! करून घेतलंय! पानाताई गॅसपाशी उभी होती, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत या माणसाने या घरात साधा बल्ब बदलून दिला नव्हता. नळ गळतो म्हटलं तर "पाणी आहे म्हणून गळतंय, आभार माना" असं वर ऐकवलं होतं. आणि आता म्हणे आपण करून घेतलंय.

"हे आपण म्हणजे कोण हो, मालक?" तिने विचारलं.

"अहो ताई, आपण म्हणजे आपण सगळे!" मालक हसला. त्याचं बोलणं कायम असं, साखर पेरलेलं. "पाहुणे पहिल्यांदाच आलेत, जरा चहा टाकता का?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून आप्पांचा आवाज आला. "पाच जण आलेत. त्यातल्या एकाला नवा बूट चावतोय."

होणारा जावई चपापून आपल्या डाव्या पायाकडे बघायला लागला. आप्पा म्हणजे पानाताईचे वडील. त्यांना दिसत नव्हतं, पण घरात कोण आलं, कसं आलं आणि कशाला आलं, हे त्यांना डोळसांच्या आधी कळायचं.

आता पानाताईचा राग नुसत्या चिखलाचा नव्हता. तो समजायचा तर थोडं मागे जायला हवं.

बापलेक दोघंही नाटकाच्या सेटचं काम करणारी. आप्पांनी आयुष्यभर पडद्यामागे राजवाडे, दवाखाने, कोर्ट आणि दिवाणखाने उभे केले. लेक लहानपणापासून त्यांच्यामागे थिएटरात. कमरेला दोरीने पाना बांधून ती फिरायची, म्हणून सगळे तिला पाना म्हणायला लागले. वय वाढलं तसं नुसतं ताई जोडलं गेलं. मध्ये तिचं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. नवऱ्याच्या घरातून निघताना तिने स्वतः केलेलं कपाट स्क्रू काढून, फळ्या बांधून, खांद्यावर टाकून आणलं. "पोरगी सासरहून आली ती कपाटासकट," असं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ती वैतागायची, पण ते कपाट अजूनही वापरात होतं.

सेटच्या कामाची एक शिस्त असते. थिएटरच्या जमिनीला खिळा मारायचा नाही, भिंतीला डिंक लावायचा नाही. आज इथे प्रयोग, उद्या दुसऱ्या गावी. अख्खा राजवाडा तासाभरात सुटा होऊन गाडीत चढला पाहिजे. त्यामुळे जे काही करायचं ते नट-बोल्टवर आणि टेकूवर. आणि दुसरी गोष्ट, प्रवेश बदलताना दिवे घालवतात. मिट्ट काळोखात माणसांनी सेट हलवायचा, तोही आवाज न करता. मग कुठला तुकडा कुठला हे कळायचं कसं? म्हणून आप्पा प्रत्येक तुकड्याच्या कडेला पटाशीने खाचा पाडायचे. बोट फिरवलं की दरवाजा कुठला, खिडकी कुठली, लगेच कळायचं.

भाड्याची घरं दोघांनी बरीच बदलली. दर वेळी तीच रड. पडकी जागा घ्यायची, कारण तीच परवडायची. मग पानाताईच्या हाताला खाज सुटायची. गळकं छत बंद कर, न लागणारं दार रंधून बसव, अंधाऱ्या कोपऱ्यात फळ्या लाव. जागा माणसात आली की मालकाला अचानक भाचा आठवायचा, पुतण्या आठवायचा, नाहीतर स्वतःलाच तिथे राहायची हौस यायची. अहो, ज्या खोलीत मालक पूर्वी नाक धरून यायचे, तिथेच खुर्ची ओढून बसायला लागायचे! चीड येणार नाही तर काय होईल? बाईने मरमर मरायचं, गुडघे फोडून घ्यायचे, आणि घर राहण्याजोगं झालं की तिलाच म्हणायचं, आता निघा. याला चोरी म्हणत नाहीत, कारण चोर निदान लपून येतो.

हे घर घेतलं तेव्हा आप्पांची नजर जवळजवळ गेली होती. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. घर बघायला आले तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावला आणि हात झटकला. "ही भिंत आहे का ओलं फडकं?" असं त्यांनी विचारलं. भिंती तशाच होत्या. खिडकी उघडायला दोन माणसं लागायची. दोन खोल्यांच्या मध्ये एक पायरी, तीही एका बाजूला खचलेली, आणि फरशी अशी की चालताना बोटीत बसल्यासारखं वाटावं.

पानाताईने सेट लावावा तसं घर लावलं. जाड लाकडी खांब केले, प्रत्येकाच्या बुडाला बोल्ट. खांब उभा करायचा, पान्याने बोल्ट फिरवायचा, की खांब जमीन आणि छत यांच्यामध्ये गच्च बसतो. त्या खांबांवर प्लायवूडचे तक्ते अडकवले, मागे बोटभर जागा सोडून, म्हणजे ओल तिकडे आणि माणसं इकडे. तक्त्यांवर पांढरा रंग. त्याच खांबांना कपाटं, त्याच खांबांना फळ्या. आणि कमरेच्या उंचीवर, दारापासून आप्पांच्या खुर्चीपर्यंत, तिथून स्वयंपाकघर, तिथून न्हाणीघर, तिथून पलंग, अशी सलग गुळगुळीत लाकडी पट्टी, तीही त्याच खांबांना. पट्टीच्या खालच्या अंगाला खाचा. त्या मात्र आप्पांनी स्वतः पाडल्या, बोटाने चाचपत. एक खाच म्हणजे खुर्ची. दोन जवळजवळ म्हणजे स्वयंपाकघर. तिरकी म्हणजे न्हाणीघर, "कारण घाईत माणूस तिरकाच जातो."

त्या पट्टीने आप्पांना पुन्हा उभं केलं. त्याआधी ते कितीतरी दिवस पलंगावरून उतरले नव्हते. पाणी हवं तरी लेकीला हाक, न्हाणीघरात जायचं तरी हाक, आणि लेक कामावर असली की नुसतं बसून राहायचं. पट्टी लागली, खाचा पडल्या, आणि आठवड्याभरात आप्पा स्वतः उठून स्वतः पाणी पिऊन परत येऊन बसले. त्या दिवशी पानाताई कामावरून आली, तर टेबलावर तिच्यासाठी भरलेला पेला. तो तिने उभ्याउभ्याच शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

राहिली फरशी. पट्टी धरून सगळीकडे जाता यायचं, पण त्या खचलेल्या पायरीपाशी आप्पा एकदा पडले, मग पुन्हा पडले, दुसऱ्या वेळी मनगट सुजलं. फरशी सपाट करायची तर सिमेंट लागणार, आणि सिमेंट म्हणजे कायमचं. नट-बोल्टवर फरशी बसत नाही, असं तिला वाटलं.

"स्टेजला काही चिकटवू नये," आप्पा म्हणाले. "जन्मभर सांगतोय."

"हे स्टेज नाही, आप्पा, घर आहे."

"घर कुणाचं?"

यावर तिने मालकाला गाठलं. स्पष्ट विचारलं, "मालक, फरशी पक्की बसवतेय. मागाहून काढून नेता यायची नाही. आम्हाला इथून हलवणार असाल तर आत्ताच सांगा, मी नाही हात लावत."

मालकाने दोन्ही हात पसरले. "अहो ताई, काय बोलता! आप्पा आहेत तोवर तुम्ही इथेच. मी शब्द देतो. आपलंच घर समजा!"

आणि तिने समजलं. एवढी पोळलेली, चार घरांचं पाणी प्यायलेली बाई, पण त्या एका वाक्याला भुलली. पायरी फोडली, वाळू-सिमेंट कालवलं, ओणवं बसून एकेक फरशी ठोकून बसवली. पाण्याची पातळी बघायच्या नळीने चारचारदा तपासलं. फरशी बसली तेव्हा आप्पा अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीला हात न लावता चालत गेले आणि परत आले. "झकास," म्हणाले. त्यांच्या तोंडून झकास ऐकायला नट-नट्या तरसायच्या.

तर ही ती फरशी, जिच्यावर आता पाच जण चिखलाच्या पायांनी उभे होते.

चहा-बिहा काही झाला नाही. पाहुणे खिडकी उघडून बघायला लागले (आता ती एका बोटाने उघडायची), तेव्हा मालकाने पानाताईला जिन्यात बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"बोलायचंच होतं तुमच्याशी. मुलीचं ठरलंय ना. तिच्या सासूबाईंना ही जागा फार आवडली. तेव्हा महिनाअखेरीपर्यंत..."

"तुम्ही शब्द दिला होतात," पानाताई म्हणाली.

"हो हो, दिला होता. पण मुलीचं लग्न म्हटल्यावर, तुम्हीच सांगा!"

"मालक, माझं सोडा. मी कुठेही राहीन. पण आप्पांना ही जागा हाताने पाठ झालीय. इथे ते एकटे उठतात, एकटे फिरतात. इथून हलवलं तर ते पुन्हा पलंगाला खिळतील. त्यांना पुन्हा पहिल्यापासून आंधळं करू नका."

मालकाने तिच्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं. आणि अगदी गोड आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाला, "ताई, उगीच जिवाला लावून घेता. दिसत नाही त्या माणसाला काय हो, हे घर काय नि ते घर काय. सगळीकडे अंधारच."

पानाताईच्या शिव्या सगळ्या एकदम ओठांशी आल्या आणि दारात गर्दी व्हावी तशा अडकल्या. ज्या माणसाने आपल्या बापाला कधी पेलाभर पाणी दिलं नाही, त्याने तिच्या बापाच्या अंधाराची किंमत करावी! मालक पाहुण्यांना घेऊन खाली उतरला. जाताजाता "फरशी जरा पुसून घ्या" असंही म्हणाला, असं पानाताई आजही शपथेवर सांगते.

ती घरात आली तर आप्पा खुर्चीत नव्हते. दाराशेजारी पट्टीला धरून उभे होते. सगळं ऐकलं होतं.

"आप्पा..."

"माणूस अडाणी आहे," आप्पा म्हणाले. "अंधारा-अंधारात फरक असतो, एवढंही त्याला ठाऊक नाही. मी चाळीस वर्षं अंधारात राजवाडे हलवले, एकदा कुणाच्या पायावर पडू दिला नाही." त्यांचा आवाज चढला. आप्पांचा आवाज सहसा चढत नसे. "सगळीकडे अंधारच म्हणे! गाढव लेकाचा!"

मग ते पट्टीवरची खाच अंगठ्याने घासायला लागले.

"आप्पा, मी फरशी बसवायला नको होती."

"ते नंतर. आधी टेम्पोवाल्याला सांगून ठेव. सेट काढायचाय."

महिनाअखेरीला मालकाने मुलीला आणि तिच्या सासूला पडद्यांची मापं घ्यायला बोलावलं होतं. पानाताईने मुद्दामच तो दिवस धरला का? तर हो, मुद्दाम धरला. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

थिएटरातले पडदेवाले काका सकाळीच आले. आप्पांचे जुने सोबती, दोरी ओढून ओढून हाताचे घट्टे दगडासारखे झालेले. काका तक्ते धरायचे, पानाताई वरचे बोल्ट सैल करायची, आणि खालचे सगळे आप्पांनी काढले. जमिनीवर मांडी घालून, पाना हातात घेऊन, एकापाठोपाठ एक. "हा घट्ट बसलाय, तू बसवला असणार," असं लेकीला चिडवायचे. मध्येच एखादा तक्ता उलटा लागला की बोटानेच ओळखून "अरे, तोंड तिकडे, पाठ इकडे" असं काकांना दटावायचे. तिघांनाही असं काही स्फुरण चढलं होतं की शेजारचे दारात येऊन बघत राहिले.

एकेक तक्ता उतरला तशी मागची भिंत दिसायला लागली. हिरवट, काळपट, ठिकठिकाणी पोपडे सुटलेली. इतकी वर्षं ती तिथेच होती, मालकाच्या नाकासमोर, बोटभर अंतरावर. कपाटं गेली. फळ्या गेल्या. खिडकीला आतून लावलेली चौकट निघाली, तसा खिडकीचा पल्ला करकरत पुन्हा वाकडा झाला. पट्टी सगळ्यात शेवटी काढली. आप्पांनी ती स्वतः कापडात गुंडाळली.

मालक आला तेव्हा खोलीत ओलीचा वास भरला होता. मागे मुलगी आणि सासू, हातात मापाची फीत.

"हे काय? हे काय चाललंय?" मालक ओरडला. साखर कुठल्या कुठे गेली. "घराला लावलेली वस्तू घराची असते! एक फळी हलवायची नाही!"

"घराला लावलेली?" पानाताईने हातातला पाना कमरेला अडकवला. "या, दाखवा. जिथे मी तुमच्या भिंतीला खिळा मारला असेल, ती जागा दाखवा. तुम्ही दाखवाल तेवढं सगळं इथेच सोडून जाते."

मालकाने चष्मा लावला. खरंच लावला! एका भिंतीपासून सुरू झाला, हाताने चाचपत, पोपडे अंगावर घेत, चारी भिंती फिरला. वर बघितलं, खाली वाकला. भोक नाही, खिळा नाही, डिंकाचा ठिपका नाही. फक्त जुनी ओल, त्याची स्वतःची, वाडवडिलांपासूनची.

"मी शोधून देऊ का?" आप्पा म्हणाले. "मला बरं दिसतं."

पडदेवाले काका इतके हसले की त्यांना तक्ता खाली ठेवावा लागला.

सासूबाईंनी पदर नाकाला लावला होता. मुलगी मात्र भिंतीकडे नाही, बापाकडे बघत होती. "बाबा, तुम्ही तर म्हणालात, सगळं आपण करून घेतलंय."

मालकाने चष्मा काढून खिशात घातला. बोलायला त्याला सुचलं ते एवढंच, "फरशी आहे ना. फरशी बघ, किती छान आहे."

त्या शब्दासरशी पानाताईचं डोकं फिरलं. तिने पिशवीतून छिन्नी आणि हातोडा काढला आणि सरळ खोलीच्या मधोमध जाऊन बसली, जिथे पूर्वी ती खचलेली पायरी होती. ही फरशी तिने या माणसाच्या शब्दावर बसवली होती. शब्द मोडला, मग फरशी का राहावी? तिने छिन्नी सांध्यावर टेकवली आणि हातोडा उचलला. मालक "अहो, अहो" करत पुढे आला, पण हातोडा बघून जागीच थांबला.

"पोरी," आप्पा म्हणाले. त्यांना छिन्नी टेकवल्याचा आवाज आला होता. "सेट काढताना आपण स्टेज फोडतो का?"

"मी फुकट नाही ठेवणार, आप्पा! याला नाही! माझे गुडघे गेलेत यात!"

"ठाऊक आहे. मला ते रोज ऐकू येतात." आप्पा तिच्या आवाजाच्या दिशेने आले, पट्टीशिवाय, त्या सपाट फरशीवरून, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण मी इथे चाललोय. ही फुटलेली मला नाही ऐकायची."

तिने हातोडा खाली ठेवला. माफ केलं असं कुणी समजू नये. माफ-बिफ काही केलं नाही. ती तिथेच बसून सगळ्यांसमोर रडली, दुःखाने कमी आणि संतापाने जास्त, आणि मग नाक पुसून टेम्पोत जाऊन बसली. इतरांना वाटलं थोरपणा. आम्हाला विचाराल तर फोडायलाच हवी होती.

नवी जागा आणखी लहान होती. भिंती निदान कोरड्या. पानाताईने कामावर चार दिवस दांडी मारली आणि पहिल्यापासून सुरू केलं. खांब, बोल्ट, तक्ते. खोल्यांची रचना वेगळी, म्हणून तुकडे इकडचे तिकडे झाले, पण पट्टी त्याच क्रमाने लागली. दार, खुर्ची, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग. तोवर आप्पा पडदेवाल्या काकांकडे होते. ते आले तेव्हा तिने त्यांचा हात दारातल्या पट्टीवर ठेवला आणि बाजूला झाली.

आप्पांनी बोट खाली फिरवलं. एक खाच. वळले, खुर्ची. बसले, उठले. दोन खाचा. निघाले. चेहरा उजळला, पाय सैल पडायला लागले, आणि त्या भरवशाच्या पायांनीच घात केला. इथेही दोन खोल्यांच्या मध्ये पायरी होती. हाताला सगळं ओळखीचं लागत होतं, मग पायाला सावध राहायचं कारणच नव्हतं. तोल गेला. पानाताईने झेललं म्हणून वाचले.

दोघंही खालीच बसली.

"फरशी राहिली गं तिथे," आप्पा म्हणाले.

आणि मग तिला पुन्हा त्या माणसाचा गोड आवाज आठवला. हे घर काय नि ते घर काय. आत्ता इथे असता तर दाखवलं असतं, काय फरक पडतो ते! एका पायरीचा काय फरक पडतो! ती तशीच उठली आणि थिएटरच्या गोदामात गेली. तिथे जुन्या नाटकांचे लाकडी चौथरे पडले होते, ज्यांच्यावर राजे-महाराजे उभे राहायचे आणि न्यायाधीश बसायचे. मॅनेजर म्हणाला, "ने बाई, वाळवी लागण्यापेक्षा बरं." तिने ते कापले, जोडले, उंची पायरीला नेमकी मिळवली, खाली रबर ठोकलं, आणि पुढच्या खोलीत सलग लाकडी जमीन घातली. बोल्टवर. म्हणजे फरशीसुद्धा बोल्टवर बसते, हे तिला तेव्हा कळलं, आणि आधी का सुचलं नाही म्हणून ती स्वतःवरही तेवढीच भडकली.

आप्पा त्या जमिनीवरून चालले. लाकूड घुमलं. ते या टोकाला गेले, त्या टोकाला गेले, टाच आपटून बघितली. "झकास," म्हणाले. "शिवाय कुणी आगाऊपणे आत शिरलं, तर इथेच ऐकू येईल."

नव्या घराची मालकीण एक पोक्त बाई होती. ती बघायला आली, दारात चपला काढल्या, डोळे विस्फारून म्हणाली, "अगंबाई! किती सुरेख केलंत! राहा हो निवांत, आपलंच घर..."

"नको, मावशी," पानाताईने तिला मध्येच तोडलं. "तुमचंच असू द्या. तेवढं सोडून काहीही बोला." बाई बिचारी गोंधळली. तिला पाणी दिलं, बसवलं, आणि कुठे काय कसं बसवलंय, ते उचकटून दाखवलं.

पुढे काही दिवसांनी दुपारी फोन वाजला. पानाताई आतल्या कपाटाची कडी बसवत होती, आप्पा उठून पट्टीने गेले आणि त्यांनी तो उचलला. पलीकडे जुना मालक. आवाजात पुन्हा साखर.

"आप्पा, कसे आहात? अहो, मुलीच्या सासरचे काही राहायला यायला तयार नाहीत हो. ओलीचा वास येतो म्हणतात. आम्ही दोन कारागीर लावले, त्यांनी खिळे ठोकून तक्ते मारले, तर अख्खा पोपडा खाली आला. म्हटलं तुम्हालाच विचारावं. ताई काही यायच्या नाहीत, पण ते काम जाणणारा दुसरा कारागीर कोण? जरा पाठवून द्याल का? आपलंच घर आहे ते."

पानाताई स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात येऊन उभी राहिली. फोन तिच्या हातात असता तर तिने काय-काय सुनावलं असतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आप्पांनी तिच्याकडे हात करून तिला थांबवलं.

"कारागीर मीच," आप्पा म्हणाले. "माझ्या लेकीने हे काम माझ्याकडूनच घेतलं. पण काय आहे, मालक, मला दिसत नाही. मला तुमचं घर काय नि हे घर काय. सगळीकडे अंधारच."

त्यांनी फोन ठेवला, पट्टीवरची खाच चाचपली, आणि दणदण पावलं वाजवत खुर्चीकडे गेले.